विमानतळावरच्या स्कॅनरमुळे पेनड्राइव्हमधला डेटा उडतो का? काय खरं आणि काय खोटं

मार्गशीर्ष लागला की सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये सिद्धनाथाच्या रथाची लगबग सुरू होते. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथ निघतो, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि गावातले रस्ते परगावहून आलेल्या माणसांनी फुलून जातात. यातले बरेच जण गलाई व्यावसायिक असतात. माण, खटाव आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पांगलेली ही कुटुंबं आहेत. कुणी केरळात, कुणी तामिळनाडूत, कुणी पार उत्तरेत.

परतीच्या प्रवासाला पूर्वी रेल्वेशिवाय पर्याय नव्हता. आता अनेक जण कोल्हापूर किंवा पुणे विमानतळ गाठतात. बॅगेत शेंगदाण्याची चटणी असते, प्रसाद असतो आणि एखाद्या कप्प्यात पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड असतं. त्यात रथाचे व्हिडिओ, भावाच्या लग्नाचं शूटिंग, आजीच्या आवाजातल्या ओव्या, शेताच्या कागदपत्रांचे स्कॅन.

आणि नेमकं निघताना कुणीतरी सांगतं, "पेनड्राइव्ह त्या मशीनमधून नेऊ नको. एक्स-रेनं सगळं पुसलं जातं."

हा इशारा वर्षानुवर्षं फिरतोय. फ्लॉपीच्या काळात होता, सीडीच्या काळात होता, आता पेनड्राइव्ह आणि एसएसडीबद्दलही सांगितला जातो. तो खरा आहे का?

थोडक्यात उत्तर

नाही. विमानतळावरच्या बॅग तपासणीच्या एक्स-रेमुळे पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, मोबाइल, लॅपटॉप, हार्ड डिस्क, एसएसडी, सीडी किंवा डीव्हीडीमधला डेटा पुसला जात नाही. कॅसेटलाही धोका नाही.

अपवाद एकच, पण महत्त्वाचा. न धुतलेला, म्हणजे डेव्हलप न केलेला कॅमेऱ्याचा फिल्म रोल. त्याला एक्स-रेनं खरोखर इजा होते. ही अफवा जन्माला आली तीही बहुधा तिथूनच.

पण 'नाही' एवढ्यावर थांबून चालणार नाही. कारण या भीतीपोटी लोक जे उपाय करतात, त्यानं डेटा जाण्याची शक्यता उलट वाढते.

ट्रेमध्ये ठेवल्यावर नेमकं काय होतं?

भारतातल्या बहुतेक मोठ्या विमानतळांवर सुरक्षा तपासणीचं काम सीआयएसएफचे जवान करतात आणि तपासणीचे नियम नागरी विमान सुरक्षा ब्युरो म्हणजे बीसीएएस ठरवतं. प्रवासी म्हणून तुमची गाठ प्रामुख्यानं तीन यंत्रांशी पडते.

पहिलं, हातातल्या बॅगेसाठी असलेलं एक्स-रे यंत्र. पट्ट्यावरून बॅग आत जाते, क्षणभर किरणांच्या झोतातून सरकते आणि बाहेर येते. दुसरं, तुम्ही ज्या चौकटीतून चालत जाता तो मेटल डिटेक्टर आणि जवानाच्या हातातलं त्याचंच छोटं रूप. यात एक्स-रे नसतात, तर अतिशय क्षीण, बदलतं चुंबकीय क्षेत्र असतं. तिसरं यंत्र तुम्हाला सहसा दिसत नाही. काउंटरवर दिलेली मोठी चेक-इन बॅग आत गेल्यावर तपासणारी ही यंत्रणा आहे. अनेक ठिकाणी ती सीटी प्रकारची असते. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखीच ती वस्तूची अनेक बाजूंनी चित्रं घेते, त्यामुळे तिचा डोस साध्या यंत्रापेक्षा बराच जास्त असतो. आता जगभर हातातल्या बॅगांसाठीही सीटी यंत्रं बसवली जात आहेत आणि भारतातल्या मोठ्या विमानतळांनाही तशा सूचना आहेत.

एक्स-रेचा डोस किती? आंब्याशी तुलना करून पाहा

एखाद्या वस्तूनं किती किरणोत्सर्ग शोषला, हे 'ग्रे' या एककात मोजतात. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या म्हणजे एफडीएच्या माहितीनुसार, बॅग तपासणीच्या एक्स-रे यंत्रातून जाणाऱ्या वस्तूला एका वेळी साधारण १० मायक्रोग्रे किंवा त्याहून कमी डोस मिळतो. एक मायक्रोग्रे म्हणजे एका ग्रेचा दहा लाखावा भाग.

माती, दगड, हवा आणि अवकाशातून येणारा नैसर्गिक किरणोत्सर्ग सगळीकडेच असतो. एफडीएनंच दिलेल्या अमेरिकेतल्या वार्षिक सरासरीवरून हिशोब केला, तर एका स्कॅनचा डोस हा सुमारे एका दिवसाच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाएवढा भरतो. म्हणजे पेनड्राइव्ह घरातल्या कपाटात दिवसभर पडून राहिला तरी जवळपास तेवढंच.

केरळमधल्या कोल्लम जिल्ह्यातल्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटयुक्त वाळूत थोरियम आहे. तिथला नैसर्गिक किरणोत्सर्ग काही जागी सरासरीच्या कित्येक पट आहे. पण त्यामुळे तिथल्या लोकांच्या मोबाइलमधले फोटो पुसले गेलेले नाहीत.

दुसरी तुलना आणखी ओळखीची आहे. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगाव इथं भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेला 'कृषक' हा विकिरण प्रकल्प आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तो सुरू झाला आणि २००७ मध्ये अमेरिकेला भारतीय आंबा पुन्हा जाऊ लागला, तेव्हा आंब्यावर इथंच गॅमा किरणांची प्रक्रिया झाली. फळातल्या किडीचा प्रश्न मिटवण्यासाठी अमेरिकेनं ठरवलेला किमान डोस आहे ४०० ग्रे.

म्हणजे निर्यातीच्या एका आंब्याला जेवढा डोस मिळतो, तेवढा पेनड्राइव्हला मिळायचा असेल तर तो एक्स-रे यंत्रातून चार कोटी वेळा न्यावा लागेल. रोज दहा वेळा नेला, तरी जवळपास ११ हजार वर्षं लागतील.

मग पेनड्राइव्हवर एक्स-रेचा परिणाम होतच नाही का?

होऊ शकतो, पण त्यासाठी डोस प्रचंड लागतो.

पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी आणि मोबाइलचं स्टोरेज हे सगळे फ्लॅश मेमरीचे प्रकार आहेत. फ्लॅश मेमरीचा शोध जपानी अभियंता फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीत लावला. या चिपमध्ये कोट्यवधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात थोडे इलेक्ट्रॉन अडकवून ठेवलेले असतात आणि भोवती विद्युतरोधक थराची भिंत असते. कप्प्यात किती इलेक्ट्रॉन आहेत, यावरून शून्य की एक हे ठरतं.

एक्स-रे या थरातून जाताना काही प्रमाणात विद्युतभार मोकळे करतात, त्यामुळे कप्प्यातला साठा किंचित कमी होऊ शकतो. एखाद-दुसऱ्या स्कॅनमध्ये हा बदल इतका नगण्य असतो की कप्प्याची स्थिती बदलत नाही. शिवाय या उपकरणांत चुका शोधून दुरुस्त करणारी यंत्रणा असतेच. एखादी नोंद चुकली, तरी ती वाचतानाच सुधारली जाते.

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत अशा चिपमध्ये ठळक चुका दिसू लागतात त्या साधारण दहा ते शेकडो ग्रेच्या पट्ट्यात. चिपच्या जातीनुसार हा आकडा बदलतो. पण दहा ग्रे धरले, तरी साध्या यंत्रातून दहा लाख फेऱ्या होतात. चेक-इन बॅगेच्या सीटी यंत्राचा डोस मिलीग्रेच्या घरात जातो. तोही धरला तरी हजारो फेऱ्या लागतील.

फ्लॅश मेमरीला किरणोत्सर्गाचा खरा धोका कुठे असतो, याची उदाहरणं आहेत. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जिवाणू पाठवले गेले. त्यानंतर तिथल्या टपाल खात्यानं काही ठिकाणचं टपाल निर्जंतुक करण्यासाठी त्यावर तीव्र किरणांचा मारा सुरू केला. अशा टपालातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं, मेमरी कार्ड आणि फिल्म खराब होऊ शकतात, असे इशारे तेव्हा देण्यात आले होते. पण जिवाणू मारणारा डोस आणि बॅगेत काय आहे हे पाहण्यासाठीचा डोस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हार्ड डिस्क, कॅसेट आणि सीडीचं काय?

हार्ड डिस्क आणि कॅसेटमध्ये माहिती चुंबकीय रूपात असते. ती बदलायची तर चुंबकीय क्षेत्र लागतं. एक्स-रे हा प्रकाशाचाच जास्त ऊर्जेचा भाऊबंद आहे, तो लोहचुंबकासारखं काम करत नाही.

मग चौकटीच्या मेटल डिटेक्टरचं काय? त्याचं क्षेत्र चुंबकीय असतं हे खरं, पण फारच क्षीण. साध्या ऑडिओ कॅसेटवरची नोंद पुसण्यासाठी शेकडो गाउसचं क्षेत्र लागतं आणि हार्ड डिस्कसाठी हजारो गाउसचं. डिटेक्टरचं क्षेत्र त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक ब्युरोनं १९७२ मध्येच संगणकाच्या चुंबकीय फितींवर चुंबकांचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास केला होता. चुंबक अगदी जवळ असेल तरच धोका, थोडं अंतर ठेवलं की तो झपाट्यानं कमी होतो, हा त्याचा सारांश. त्यामुळे गोंधळ, भारूड किंवा कीर्तनाच्या जुन्या कॅसेटना विमानतळापेक्षा घरातल्या मोठ्या स्पीकरमागच्या चुंबकाचा धोका जास्त आहे.

सीडी-डीव्हीडीमध्ये माहिती लेझरनं वाचली जाते. एक्स-रेचा तिच्यावर परिणाम होत नाही. तिचे वैरी म्हणजे ऊन आणि ओरखडे.

इथं अनेकांचा गोंधळ होतो तो एमआरआयमुळे. दवाखान्यातल्या एमआरआय यंत्रात एक्स-रे नसतात, पण प्रचंड ताकदीचं चुंबक असतं. सर्रास वापरलं जाणारं १.५ टेस्लाचं यंत्र म्हणजे १५ हजार गाउस. तिथं एटीएम कार्डची काळी पट्टी आणि हार्ड डिस्क नक्कीच बिघडू शकते. म्हणूनच त्या खोलीत या वस्तू नेऊ देत नाहीत. विमानतळावर असं काही नसतं.

स्कॅनर सोडा, विमान बघा

एक गंमत अशी की ज्याला स्कॅनरच्या दहा मायक्रोग्रेची भीती वाटते, तो पुढचे काही तास त्याहून जास्त किरणोत्सर्गात बसणार असतो.

जमिनीवर वातावरणाचा जाड थर अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांपासून आपल्याला वाचवतो. १० ते १२ किलोमीटर उंचीवर हा थर विरळ होतो. तिथं प्रवाशांना तासाला साधारण ३ ते ५ मायक्रोसिव्हर्ट डोस मिळतो. ढोबळ तुलना केली, तर मुंबई ते लंडन प्रवासातला हा डोस बॅगेच्या एका स्कॅनपेक्षा काही पटींनी जास्त भरतो. तरीही लाखो प्रवासी रोज लॅपटॉप आणि मोबाइल घेऊन उडतात आणि उतरल्यावर त्यांचे फोटो जागेवर असतात.

अवकाशातल्या किरणांमुळे संगणकात चूक होऊ शकते, हे मात्र शास्त्रीय सत्य आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये एअरबसनं जाहीर केलं की तीव्र सौर किरणोत्सर्गामुळे ए-३२० मालिकेतल्या विमानांच्या एका नियंत्रण संगणकातला डेटा बिघडू शकतो. जगभरातल्या सुमारे ६ हजार विमानांवर त्याचा परिणाम झाला, भारतातल्या विमानांतही दुरुस्ती करावी लागली. पण तो प्रश्न उड्डाणादरम्यान क्षणाक्षणाला हिशोब करणाऱ्या संगणकाचा होता. बंद पडून असलेल्या पेनड्राइव्हमधल्या लग्नाच्या व्हिडिओचा नाही.

मग ही समजूत आली कुठून?

अमेरिकेत जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. हळूहळू जगभर एक्स-रे यंत्रं आली. तो काळ फिल्म कॅमेऱ्याचा होता.

फिल्मवर चांदीच्या संयुगांचा थर असतो आणि तो प्रकाशाला संवेदनशील असतो. एक्स-रेही त्याच्यावर उमटतात. म्हणूनच तर दवाखान्यात एक्स-रेची फिल्म निघायची. न धुतलेला रोल स्कॅनरमधून गेला की त्यावर धुरकटपणा येऊ शकतो आणि प्रत्येक फेरीत तो साठत जातो. कोडॅकनं न धुतलेली फिल्म चेक-इन बॅगेत अजिबात ठेवू नका, असा सल्ला दिलेला आहे आणि हातातल्या बॅगेच्या सीटी यंत्रांबाबतही सावध केलं आहे. इन्स्टंट कॅमेऱ्याच्या फिल्मलाही हेच लागू होतं. एकदा रोल धुऊन निगेटिव्ह तयार झाली की मात्र धोका संपतो.

फोटोग्राफरांचा हा रास्त अनुभव फिल्मसोबत संपला नाही. फिल्मची जागा फ्लॉपीनं घेतली, फ्लॉपीची पेनड्राइव्हनं. वस्तू बदलली, इशारा तोच राहिला.

पण एखाद्याचा पेनड्राइव्ह प्रवासानंतर खरंच उघडत नाही, तेव्हा?

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, तसं हे आहे. पेनड्राइव्ह बिघडण्याची कारणं बहुतेक वेळा वेगळीच असतात.

नकली क्षमता: बाजारात आणि ऑनलाइन काहीशे रुपयांत 'एक टीबी'चा पेनड्राइव्ह मिळतो. आत चिप असते मोजक्याच जीबीची, फक्त संगणकाला आकडा मोठा दाखवला जातो. जागा संपली की नवी फाइल जुनीवर लिहिली जाते किंवा कुठेच लिहिली जात नाही. फाइलची नावं दिसतात, पण उघडत नाहीत. घरी पोहोचल्यावर हे लक्षात येतं आणि खापर स्कॅनरवर फुटतं.

घाईत ओढून काढणं: निघायच्या गडबडीत कॉपी पूर्ण होण्याआधीच पेनड्राइव्ह काढला, तर फाइल अर्धवट राहते. कधी कधी पूर्ण यादीच बिघडते.

धक्का: फिरत्या चकतीची हार्ड डिस्क ट्रेमधून पडली किंवा बॅग आपटली, तर आतले भाग बिघडू शकतात.

उष्णता आणि वय: माणदेशातल्या उन्हाळ्यात बंद गाडीत, काचेजवळ ठेवलेला पेनड्राइव्ह चांगलाच तापतो. उष्णतेनं कप्प्यांतला विद्युतभार लवकर झिरपतो. झिजलेला, जुना पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं न वापरता ठेवला, तर त्यातली माहिती हळूहळू पुसट होऊ शकते.

विसरणं आणि हरवणं: ट्रेमध्ये राहून जाणारी छोटी वस्तू ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात महाग चूक.

भीतीपोटी केलेले उपाय का महागात पडतात?

हातातल्या बॅगेचा एक्स-रे टाळायचा म्हणून काही जण पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क चेक-इन बॅगेत टाकतात. तिथं एक्स-रे टळत नाही, उलट जास्त डोसच्या यंत्रातून ती वस्तू जाते. डेटाला त्यानंही काही होत नाही. पण बॅग आपटते, उशिरा येते, कधी हरवते. डेटा जातो तो असा.

काही जण पेनड्राइव्ह खिशात ठेवून चौकटीतून जायचा प्रयत्न करतात. डिटेक्टर वाजतो, पुन्हा तपासणी होते, गडबडीत वस्तू इकडेतिकडे जाते. शिशाच्या पिशवीत गुंडाळणं तर आणखी अवघड. पडद्यावर काळा ठोकळा दिसला की बॅग उघडायला सांगितलं जाणारच.

आणखी एक शंका विचारली जाते. स्कॅनर डेटा वाचतो किंवा कॉपी करतो का? नाही. पडद्यावर पेनड्राइव्हचा आकार आणि आतली चिप दिसते, त्यातला फोटो दिसत नाही.

प्रवासाआधी काय कराल?

• महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. एक पेनड्राइव्हवर, एक घरच्या संगणकात, एक क्लाउडवर, एवढं पुरेसं आहे.

• कॉपी झाल्यावर दोन-चार फाइल उघडून, मध्यावर आणि शेवटी चालवून बघा. तोपर्यंत कार्डावरचं मूळ शूटिंग पुसू नका.

• पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क हातातल्या बॅगेत, चेन असलेल्या कप्प्यात ठेवा. सुटी ट्रेमध्ये टाकू नका. पॉवर बँकही हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, चेक-इनमध्ये चालत नाही.

• आधार, बँक, जमिनीची कागदपत्रं असतील तर पासवर्ड लावा. हरवलेला पेनड्राइव्ह कुणाच्या हाती लागेल, सांगता येत नाही.

• न धुतलेला फिल्म रोल असेल तर तो पारदर्शक पिशवीत वेगळा ठेवा आणि हातानं तपासण्याची विनंती करा. ती मान्य करायची की नाही, हे सुरक्षा कर्मचारी ठरवतात. शक्य असेल तर रोल प्रवासाआधीच धुऊन घ्या.

• घरी गेल्यावर पेनड्राइव्ह उघडला नाही आणि संगणकानं 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं, तर 'हो' म्हणू नका. त्यावर नवं काही कॉपी करू नका. तो काढून ठेवा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. अनेकदा फाइल आत शिल्लक असतात.

मुद्दा एका प्रतीचा आहे

म्हसवडमधून २००८ पासून 'माणदेशी तरंग वाहिनी' हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालतं. गावातल्या माणसांचे आवाज, त्यांची भाषा, त्यांची गाणी अशा ठिकाणी रेकॉर्ड होतात. तसेच आवाज आता घराघरांतल्या मोबाइलमध्येही साठले आहेत. लग्नाचं शूटिंग पुन्हा करता येत नाही. गेलेल्या आजीची ओवी पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही.

अशा फाइलची जगात एकच प्रत असेल आणि ती खिशातल्या एका पेनड्राइव्हमध्ये असेल, तर ती धोक्यातच आहे. विमानानं जा, एसटीनं जा किंवा घरीच बसा. त्या धोक्याचा स्कॅनरशी संबंध नाही. तेव्हा पेनड्राइव्ह बिनधास्त ट्रेमधून जाऊ द्या, पण निघण्याआधी त्याची दुसरी प्रत घरी ठेवून जा.